बाराशे मोजणी यंत्रांच्या जाळ्यासाठी ब्लॉकचेन : सहमतीची कोणती पद्धत घ्यावी?

प्रश्न
पाटपाणी (जि. यवतमाळ)

आमच्या भागातील एका मध्यम प्रकल्पावर पाणी वापर संस्थांचा महासंघ आहे आणि त्याच्या मोजणीचे काम माझ्याकडे आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानुसार संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने मिळते, म्हणजे दारातून किती घनमीटर पाणी गेले त्यावर पाणीपट्टी लागते. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात रब्बीचे आवर्तन सुटले की हरभरा आणि गव्हाच्या ऐन गरजेच्या दिवसांत सगळे वाद मोजणीपाशी येऊन थांबतात. हेडची (कालव्याच्या मुखाजवळची) संस्था सांगते की आम्ही ठरल्याइतकेच घेतले, टेलची (शेवटाकडची) संस्था सांगते की आमच्याकडे तिसऱ्या दिवशीही पाणी पोचले नाही, आणि मोजपट्टीवरचे आकडे ज्या वहीत लिहिले जातात ती वही ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर दुसऱ्याचा विश्वास नसतो.

यावर उपाय म्हणून महासंघाने टप्प्याटप्प्याने सुमारे बाराशे यंत्रे बसवायचे ठरवले आहे. वितरिका, मायनर (वितरिकेचे छोटे फाटे) आणि विमोचकांवर (शेतांकडे पाणी सोडणाऱ्या दारांवर) पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे, लाभक्षेत्रातील निवडक विहिरींची पातळी आणि जमिनीतील ओलावा टिपणारी यंत्रे, तसेच गावोगावी पर्जन्यमापक असा हा पसारा आहे. प्रत्येक यंत्र दर पंधरा मिनिटांनी एक नोंद पाठवील. यंत्र बॅटरीवर आणि लहानशा सौर पॅनेलवर चालेल, संदेश लोरा या कमी विजेत दूरवर पोचणाऱ्या रेडिओने जवळच्या गेटवेकडे (संदेश गोळा करून इंटरनेटवर देणाऱ्या पेटीकडे) जाईल, आणि हे गेटवे ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या टाक्यांवर बसवून तेथून पुढे मोबाइलचे इंटरनेट वापरायचे आहे.

एका पुरवठादाराने असा प्रस्ताव दिला आहे की प्रत्येक यंत्र हाच ब्लॉकचेनचा, म्हणजे नोंदींचे गठ्ठे (ब्लॉक) साखळीने जोडून त्यांची प्रत अनेकांकडे ठेवणाऱ्या वहीचा, नोड (सहभागी संगणक) राहील आणि प्रत्येक नोडला एक मत असेल, त्यामुळे बाराशे साक्षीदार तयार होतील आणि कुणालाही नोंद फिरवता येणार नाही. ऐकायला हे लोकशाहीसारखे वाटते आणि आमच्या काही संचालकांना ते पटलेही आहे. मला मात्र शंका आहे. इतक्या लहान यंत्रांना मतदान झेपेल का? प्रूफ ऑफ वर्क, प्रूफ ऑफ स्टेक, प्रूफ ऑफ ऑथॉरिटी, पीबीएफटी, राफ्ट, टँगल ही सहमतीच्या, म्हणजे कोणती नोंद खरी धरायची हे नोडांनी मिळून ठरवण्याच्या, पद्धतींची नावे वाचनात आली आहेत. त्यांपैकी आमच्या परिस्थितीला, म्हणजे वीज केव्हाही जाते आणि नेटवर्क पावसात अर्धा दिवस बंद राहते अशा ठिकाणी, कोणती पद्धत टिकेल? जाणकारांनी कारणांसह सांगावे, कारण मला ते पुढे संचालक मंडळाला समजावून सांगावे लागणार आहे.


उत्तर
रेडिओलहरी (वर्धा)

भाऊ, सहमतीच्या पद्धतींकडे वळण्याआधी आपल्या यंत्रांना हवेतून किती बोलता येते ते पाहू, कारण पुरवठादाराचा प्रस्ताव तिथेच अडतो.

भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा विनापरवाना पट्टा आहे. यंत्र गेटवेपासून दूर असेल किंवा मध्ये टेकाड, दाट झाडी असेल, तर ते सर्वांत संथ गतीने बोलते, आणि त्या गतीला एका संदेशात जास्तीत जास्त ५१ बाइट मावतात. असा भरलेला एक संदेश हवेत सुमारे पावणेतीन सेकंद राहतो. दहा-बारा बाइटचा छोटा संदेशही दीड सेकंदाच्या आसपास घेतो. आता साधी डिजिटल स्वाक्षरी, मग ती एलिप्टिक कर्व्हच्या प्रचलित पद्धतींपैकी कोणतीही घ्या, ६४ बाइटची असते. मताचा मजकूर बाजूलाच राहिला, त्याखालची सही एका संदेशात बसत नाही.

दुसरी अडचण ऐकण्याची. बॅटरीवरचे लोरा यंत्र दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ झोपलेले असते आणि स्वतः संदेश पाठवल्यानंतर उघडणाऱ्या दोन लहान खिडक्यांतच त्याला काही ऐकू येते. गेटवेही बोलत असताना ऐकू शकत नाही, म्हणजे त्याने यंत्रांना एकमेकांची मते कळवायला सुरुवात केली की तेवढ्या वेळातल्या पाणीपातळीच्या नोंदी हुकल्या म्हणून समजा.

यावर मतदानाचे गणित मांडा. पीबीएफटी पद्धतीत प्रत्येक निर्णयासाठी प्रत्येक नोड इतर सर्वांना दोन फेऱ्यांत संदेश पाठवतो, त्यामुळे संदेशांची संख्या नोडांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सात नोड असतील तर एका निर्णयाला ८४ संदेश पुरतात. बाराशे नोड असतील तर साधारण २८ लाख ७७ हजार लागतात. ग्रामसभेत बाराशे जणांपैकी प्रत्येकाने उरलेल्या प्रत्येकाच्या कानात जाऊन आपले मत सांगायचे आणि ते दोनदा करायचे, तसा हा प्रकार आहे.

नोंदींचा भार मात्र लोक समजतात तेवढा मोठा नाही, हे संचालक मंडळाला अवश्य सांगा. बाराशे यंत्रे, दिवसाला प्रत्येकी ९६ नोंदी, म्हणजे एकूण १ लाख १५ हजार २०० नोंदी; सरासरीने सेकंदाला दीड नोंदसुद्धा होत नाही. बिटकॉइन संथ म्हणून बदनाम आहे, तरी तेसुद्धा सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार पेलते. म्हणून ‘आमची साखळी सेकंदाला हजारो व्यवहार करते’ अशी जाहिरात कुणी केली तर त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. फक्त सगळी यंत्रे पंधराव्या मिनिटाच्या ठोक्याला एकदम बोलणार नाहीत, प्रत्येकाची वेळ थोडी मागेपुढे राहील, एवढे बघावे.

यंत्राने काय करावे, याबद्दल माझे मत असे आहे. यंत्राने मत देऊ नये, फक्त सही करावी. लोरावॅनच्या (लोरावरील संदेशांच्या ठरलेल्या नियमावलीच्या) प्रत्येक संदेशाला चार बाइटचा पडताळणी कोड असतोच, पण त्याची गुप्त किल्ली (कोड बनवण्याचा सांकेतिक आकडा) सर्व्हरकडेही असते, त्यामुळे सर्व्हर ज्याच्या हाती त्याला खोटा संदेश बनवता येतो. तुमचा वाद नेमका तिथला आहे. म्हणून यंत्रात खाजगी किल्ली बाहेर न देणारी स्वतंत्र चिप घ्यावी, यंत्राने दिवसभराच्या नोंदींची हॅश-साखळी (हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, एक अक्षर बदलले तरी तो बदलतो; प्रत्येक नोंदीच्या ठशात मागचा ठसा मिसळायचा) आत तयार करावी, आणि रात्री त्या साखळीच्या शेवटच्या हॅशवर एकच सही करून ती ३२-३२ बाइटच्या दोन संदेशांत पाठवावी.

यात एक खोच आहे. दिवसातली एक जरी नोंद हवेत हरवली तरी सगळ्या दिवसाची सही पडताळता येत नाही, आणि लोरात संदेश हरवणे हे रोजचेच. त्यासाठी प्रत्येक संदेशात ताज्या नोंदीबरोबर मागच्या सात नोंदीही पाठवाव्यात. पातळी दोन बाइटमध्ये मावते, म्हणजे आठ नोंदींना सोळाच बाइट लागतात, आणि दीड-दोन तास संपर्क तुटला तरी साखळी पुन्हा जुळते. त्याहून लांब खंड पडला तर रात्री सर्व्हरने मागणी करावी आणि यंत्राने आपल्या स्मृतीतून त्या नोंदी पुन्हा द्याव्यात.


उत्तर
त्रिसूत्री (नागपूर)

मी वितरित प्रणालींचा अभ्यास करते, त्यामुळे ‘मत कुणी द्यावे’ या भागाबद्दल लिहिते. वर्ध्याच्या दादांनी यंत्रांना मतदानातून बाहेर काढले ते योग्यच झाले. सहमतीची पद्धत निवडताना यंत्रे किती आहेत हा प्रश्न मागचा आहे. एकमेकांवर विश्वास नसलेले पक्ष किती आणि त्यांची फसवणूक कोणत्या प्रकारची असू शकते, हा पुढचा आहे. बाराशे यंत्रे जर एकाच कंपनीने बसवली, एकाच कंपनीने त्यांतील प्रणाली लिहिली आणि तीच कंपनी ती दुरुस्त करणार असेल, तर तेथे बाराशे साक्षीदार नसून एकच साक्षीदार बाराशे ठिकाणी उभा आहे.

तुमच्याकडे खरे पक्ष कोण? हेडच्या, मधल्या आणि टेलच्या संस्था, सिंचन शाखा, आणि कदाचित बाहेरची एखादी तटस्थ संस्था, जसे कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय. हे सात किंवा दहा मतदार झाले. आता पद्धती तपासू.

प्रूफ ऑफ वर्क इथे उपयोगाचे नाही. त्यात हॅशचे कोडे आधी सोडवील तो ब्लॉक ठरवतो, आणि सुरक्षितता अशी की प्रामाणिक बाजूची गणनशक्ती हल्लेखोरापेक्षा जास्त असते. तुमच्या यंत्रातील सूक्ष्म-नियंत्रक सेकंदाला फार तर काही लाख हॅश काढील आणि बिटकॉइनसाठी बनवलेले एक यंत्र सेकंदाला शंभर लाख कोटींच्या घरात काढते. म्हणजे नागपुरात बसलेला कुणीही एकटा असे एक जुने यंत्र लावून तुमच्या सगळ्या जाळ्यावर मात करील. प्रूफ ऑफ स्टेक ऊर्जेच्या बाबतीत निश्चित चांगले आहे. इथेरियम हे मोठे ब्लॉकचेन जाळे १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्यावर गेले आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. पण त्यात मताचे वजन गुंतवलेल्या भांडवलाने ठरते, आणि पाणीवाटपाच्या नोंदीत ज्याची ऐपत मोठी त्याचे मत मोठे हे तत्त्व कोणत्याही टेलच्या शेतकऱ्याला मान्य होणार नाही. व्हायलाही नको.

टँगलचे नाव तुम्ही घेतले आहे, आणि ती रचना उपकरणांच्या जाळ्यासाठी म्हणूनच पुढे आली होती, म्हणून दोन शब्द. तिच्यात ब्लॉक नसतात. प्रत्येक नवा व्यवहार आधीच्या दोन व्यवहारांना दुजोरा देतो, त्यामुळे शुल्क लागत नाही आणि जाळे वाढेल तसे दुजोरेही वाढतात. कल्पना सुंदर आहे. परंतु टँगल वापरणाऱ्या आयोटाच्या प्रत्यक्ष जाळ्यात अनेक वर्षे अंतिम शिक्का ‘कोऑर्डिनेटर’ या एका केंद्रीय नोडकडून मिळत असे, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वॉलेटमधून चोरी झाल्यावर तो नोड थांबवून सगळे जाळे काही आठवडे थोपवावे लागले. हीलियमचा अनुभवही असाच बोलका आहे. लोरा हॉटस्पॉटांचे ते प्रचंड जाळे होते, तरी स्वतःच्या साखळीवर असतानाही ब्लॉक ठरवण्याचे काम निवडलेल्या थोड्या सदस्यांचा गट करत असे, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी स्वतःची साखळी सोडून सोलाना ही दुसऱ्यांची साखळी स्वीकारली. उपकरणांचे सर्वांत मोठे जाळे चालवणाऱ्यांनीसुद्धा प्रत्येक उपकरणाला मत दिले नव्हते, हे तुमच्या पुरवठादाराला जरूर विचारावे.

उरतात त्या तीन पद्धती : राफ्ट, प्रूफ ऑफ ऑथॉरिटी आणि बायझंटाइन (काही नोड खोटे बोलतील असे धरून चालणाऱ्या) गटातल्या.

राफ्ट २०१४ मध्ये ओंगारो आणि ऑस्टरहाउट यांनी मांडली. समजायला सोपी, सातपैकी चार नोड जागे असले की चालते. तिचे गृहीत एवढेच की नोड बंद पडेल, पण खोटे बोलणार नाही. त्या वेळचा जो लीडर (नोंदी इतरांना उतरवायला देणारा नोड) असेल त्याने चुकीची नोंद घातली तर इतर नोड ती निमूटपणे उतरवून घेतात. एकाच संस्थेचे सात सर्व्हर असते तर मी डोळे मिटून राफ्ट सुचवली असती. हेड आणि टेल यांच्यात ती सुचवणार नाही.

प्रूफ ऑफ ऑथॉरिटीत ठरावीक अधिकृत नोड आळीपाळीने ब्लॉक बनवतात. तिचा ‘क्लिक’ हा प्रकार फार वापरला जातो आणि पुरवठादार बहुधा तोच देतात, म्हणून तेथील खड्डा नीट पाहून ठेवा. सात नोड आहेत आणि पावसात मनोरा पडल्यामुळे जाळे दुभंगले असे समजा : तीन नोड इकडे, तीन तिकडे, आणि सातवा नोड लबाड असून त्याने आपली किल्ली दोन यंत्रांत ठेवून दोन्हीकडे हजेरी लावली. क्लिकमध्ये सातपैकी चार नोड मिळून साखळी पुढे नेऊ शकतात. दोन्ही बाजूंना चार-चार झाले, दोन्ही बाजू आपापली साखळी वाढवत राहिल्या, आणि संपर्क परत आल्यावर त्यांपैकी एका बाजूच्या नोंदी टाकून दिल्या जाणार. कोणत्या बाजूच्या, हे आधी सांगता येत नाही. आवर्तनाच्या मधल्या आठवड्यात हे घडले तर काय होईल, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

बायझंटाइन सहमतीचा पाया १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टॅक आणि पीस यांनी घातला, आणि व्यवहारात चालेल अशी पद्धत, म्हणजे पीबीएफटी, कॅस्ट्रो आणि लिस्कोव्ह यांनी १९९९ मध्ये दिली. तिचा नियम असा की जितके लबाड नोड सहन करायचे त्याच्या तिपटीहून एक जास्त नोड हवेत. सात नोड असतील तर दोन लबाड चालतात आणि कोणत्याही निर्णयाला पाच सह्या लागतात. वरच्याच प्रसंगात दोन्ही बाजूंना चार-चार सह्या जमतात, पाच कुठेच होत नाहीत, म्हणून दोन्ही बाजू थांबतात. साखळी थांबेल, पण दुभंगणार नाही. तुमच्या कामाला हेच गुण हवेत, कारण पाण्याची नोंद सहा तास उशिरा शिक्कामोर्तब झाली तर कुणाचे बिघडत नाही. तीच नोंद दोन प्रकारची निघाली तर मात्र पुढचा सगळा हंगाम कोर्टकचेरीत जाईल.

माझा सल्ला क्यूबीएफटीचा आहे. ती याच कुळातली असून तयार मुक्त प्रणालींत मिळते. मतदार पुढे शेकड्यांत गेले तर २०१९ च्या हॉटस्टफसारख्या, संदेशांची संख्या नोडांच्या साध्या प्रमाणात ठेवणाऱ्या पद्धतीचा विचार करता येईल. दहा मतदारांपर्यंत त्याची गरज दिसत नाही.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
पाटपाणी (जि. यवतमाळ)

ताई आणि दादा, आपण दोघांनीही आकड्यांसह लिहिल्यामुळे संचालकांपुढे मांडणे सोपे होईल. सात मतदारांची यादी मी मनाशी केली : पाच संस्था, सिंचन शाखा आणि एक महाविद्यालय. पण या पाच संस्थांपैकी तीन संस्थांची कार्यालये एकाच गावात आहेत, आणि उरलेल्या दोन संस्थांचे संगणक त्यांच्या सचिवांच्या शेतातल्या घरी राहतील, जेथे वीज कृषी फीडरवरून येते. कृषी फीडरला आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीने वीज मिळते. अशा स्थितीत पाच नोड एका वेळी जागे राहतील का, याची मला काळजी वाटते.


उत्तर
त्रिसूत्री (नागपूर)

काळजी रास्त आहे. ‘सातपैकी दोन बिघडले तरी चालते’ हे गणित प्रत्येक नोड स्वतंत्रपणे बिघडतो असे धरून केलेले असते. तीन कार्यालये एकाच डीपीवर असतील तर ती डीपी जळाल्याबरोबर तीन नोड एकदम जातील आणि उरलेल्या चारांनी पाच सह्या कधीच होणार नाहीत. म्हणून मतदारांची यादी करताना पक्षांबरोबर उपकेंद्र, फीडर आणि मोबाइल मनोरा यांचाही रकाना ठेवा, आणि एका फीडरवर किंवा एका मनोऱ्यावर दोनपेक्षा जास्त मतदार येणार नाहीत असा नियमच करा. कृषी फीडरवर एकही मतदार ठेवू नका. सचिवांच्या शेतातला संगणक ग्रामपंचायतीत किंवा विविध कार्यकारी सोसायटीच्या खोलीत, म्हणजे गावठाण फीडरवर आणा आणि रात्रभर पुरेल अशी बॅटरी द्या. लहान एकपाटी संगणकाला काही वॉटच लागतात, त्यामुळे हा खर्च मोठा नाही. एका गावातल्या तीन संस्थांपैकी एका संस्थेने आपला नोड तालुक्याच्या ठिकाणी ठेवला तरी चालेल, मात्र किल्ली आणि कुलूप त्याच संस्थेचे असले पाहिजे.

व्यवहारातली आणखी एक गोष्ट. क्यूबीएफटीत सह्या जमल्या नाहीत की नवी फेरी सुरू होते आणि प्रत्येक फेरीला वाट पाहण्याची मुदत दुप्पट होते. रात्रभर पाच नोड जमले नाहीत तर सकाळी वीज आल्यावरही साखळी बराच वेळ गप्प बसलेली दिसेल, आणि कुणीतरी ‘ब्लॉकचेन बिघडली’ अशी बोंब मारील. अशा वेळी सर्व मतदार नोड एकाच सुमारास पुन्हा चालू करावे लागतात, आणि हे काम कुणी करायचे ते आधीच ठरवून ठेवावे. तोवर नोंदी गेटवेकडे रांगेत थांबतील, त्या हरवत नाहीत. तासाला एक ब्लॉक पुरे असेल तर दर दोन सेकंदांनी ब्लॉक बनवण्याची हौस करू नये.


उत्तर
निवृत्त शाखाधिकारी (अमरावती)

मी सिंचनात नोकरी केली, ब्लॉकचेनचे मला फारसे ज्ञान नाही, पण फ्ल्यूम (पाणी मोजण्यासाठी पाटात बांधलेला अरुंद भाग) आणि मोजपट्टी यांच्याशी आयुष्य गेले आहे. वरील चर्चा नोंद झाल्यानंतर ती कशी सांभाळावी याची आहे. नोंद होतानाच खोटी झाली तर सात जणांच्या सह्या त्या खोट्यावरच होतील, हे कुणी ठळकपणे म्हटलेले नाही.

फ्ल्यूममधून जाणारा विसर्ग पाण्याच्या खोलीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात असतो. खोली पाच टक्के चुकली की विसर्ग साडेसात टक्के चुकतो. ही पाच टक्क्यांची चूक करायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला दगड आणि तुराट्यांचा बांध घातला की पाणी तुंबते, खोली वाढते आणि यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त विसर्ग दाखवते. वरच्या अंगाला गाळ साचला तरी आकडा फिरतो. आवाजाच्या लहरींनी पातळी मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले तर ते भलतेच आकडे देते, आणि पर्जन्यमापकात तर तांब्याभर पाणी ओतले की झाला पाऊस. वाळलेल्या पानांनी नळी तुंबली की ऐन श्रावणात दुष्काळ. यंत्राची सही खरी, किल्ली खरी, हॅश खरा, आणि आकडा खोटा.

याला इलाज शेजारच्या यंत्रांचा आहे. वितरिकेच्या मुखाशी गेलेले पाणी हे खालच्या सर्व मायनरांत गेलेले पाणी अधिक वहनव्यय (वाटेत मुरून-गळून जाणारे पाणी) इतके भरले पाहिजे. हा ताळेबंद दर दिवशी आपोआप जुळवावा आणि न जुळलेली नोंद शिक्क्यासाठी जाण्यापूर्वी बाजूला काढून तेथे पाटकरी पाठवावा. माझ्या दृष्टीने या एका नियमाने जेवढे वाद मिटतील तेवढे कोणत्याही सहमतीने मिटणार नाहीत.

दुसरे, नातवाने मला एक जुनी हकीकत वाचून दाखवली. हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांवर काळाचा शिक्का मारण्याची पद्धत मांडली होती, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या सुरेटी या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याला आपल्या सर्व नोंदींचा एकत्रित हॅश न्यू यॉर्क टाइम्सच्या छोट्या सूचनांच्या रकान्यात छापायला सुरुवात केली. छापून घरोघरी गेलेला अंक कोण बदलणार? आपल्याकडेही रोजचा चौसष्ट अक्षरांचा हॅश ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि आठवड्याचा हॅश जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना म्हणून द्यावा. मग सात संगणक, बॅटऱ्या आणि त्यांची देखभाल हवीच कशाला?


उत्तर
त्रिसूत्री (नागपूर)

साहेब, ताळेबंदाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो सहमतीच्या नियमातच घालता येतो, म्हणजे ताळेबंद न जुळणारी नोंद मतदार नोड ‘तपासणीखाली’ अशा खुणेनेच स्वीकारतील. वर्तमानपत्राबद्दल मात्र अर्धे मान्य, अर्धे अमान्य. छापलेला हॅश नोंद नंतर बदलली गेली नाही एवढे सिद्ध करतो. हॅश काढण्याआधी सर्व्हरवाल्याने टेलच्या तीन यंत्रांच्या नोंदी मिळाल्याच नाहीत असे म्हणून गाळून टाकल्या, तर फळा आणि वर्तमानपत्र दोन्ही त्या गाळलेल्या यादीचीच ग्वाही देतील. सात स्वतंत्र मतदारांचा उपयोग तिथे होतो, मात्र गेटवेने प्रत्येक संदेश सातही जणांकडे थेट पाठवला पाहिजे आणि टेलच्या संस्थेचा स्वतःचा एक गेटवे असला पाहिजे. या उलट, पाच मतदारांनी संगनमत केले तर ते जुनी साखळी नव्याने लिहू शकतात, आणि तेथे मात्र तुमचे वर्तमानपत्रच कामाला येते. म्हणून दोन्ही ठेवावे. आठवड्याला एक जाहीर सूचना हा खर्च महासंघाला जड जाऊ नये.

महासंघाची तयारी पहिल्या हंगामात नसेल, तर फळा, वर्तमानपत्र आणि एक सर्व्हर यांवर सुरुवात करून सात मतदार पुढच्या वर्षी आणले तरी माझी हरकत नाही. यंत्रांतल्या सह्या मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात, कारण त्या मागाहून बसवता येत नाहीत.


उत्तर
रेडिओलहरी (वर्धा)

एक भाग राहिला, तो यंत्र बदलण्याचा. बाराशे यंत्रांत दर हंगामाला काही यंत्रे विजेने जळतील, काही माकडे तोडतील, काही चोरीला जातील. नवे यंत्र आले की त्याची किल्ली नवी, आणि ती किल्ली ‘अमुक मायनरच्या अमुक विमोचकाची’ आहे हे कुणीतरी ठरवावे लागते. हा अधिकार जर दुरुस्ती करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर असेल तर वरची सगळी सहमती त्याच्या खिशात गेली असे समजावे, कारण तो हव्या त्या यंत्राला हवा तो विमोचक नेमून देईल.

म्हणून यंत्राची नोंदणी हाही साखळीवरचाच निर्णय ठेवा : त्या मायनरची संस्था आणि तिच्या खालची संस्था यांच्या प्रतिनिधींनी जागेवर जाऊन यंत्राचा क्रमांक आणि मोजपट्टीचा आकडा ताडून पाहावा, आणि मग सातपैकी पाच मतदारांच्या सह्यांनी नवी किल्ली दाखल व्हावी. ते होईपर्यंत त्या विमोचकाची नोंद दोन्ही प्रतिनिधींच्या सहीने मोजपट्टीवरून घ्यावी आणि तशी वेगळी खूण करून चढवावी. जुन्या यंत्राची किल्ली रद्द केल्याची नोंद त्याच ठरावात असू द्या, नाहीतर काढून नेलेले यंत्र कुणाच्या तरी गोठ्यातल्या टाक्याची पातळी तुमच्या विमोचकाच्या नावावर पाठवत राहील.